टार्गेटच्या मागे काय आहे?

मी शूटिंग करते असं कळलं की समोरचा माणूस ठरलेले तीन प्रश्न विचारतो. बंदूक केवढ्याची? लायसन्स लागतं का? आणि मुलीच्या जातीला घरच्यांनी परवानगी दिली कशी? तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तरच देत नाही. २०१० साली म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झालेली तेजस्विनी सावंत आमच्या कोल्हापूरची, राही सरनोबत पण आमच्या कोल्हापूरची, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी काय डोकं लावायचं! पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देते. पण आजपर्यंत एकाही माणसाने मला "तुझ्या टार्गेटच्या मागे काय असतं?" असं विचारलेलं नाही. खरं तर शूटिंगबद्दल शहाण्या माणसाने विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे, असं माझं मत आहे. हा सगळा लेख त्या एका प्रश्नावर आहे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन मराठी विभागाच्या संपादकांच्या भरवशावर. मतं मात्र माझीच.)

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. आमच्याकडे फटाके वाजले, पेढे वाटले गेले, आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत गल्लीतल्या पोरांच्या हातात छऱ्याच्या बंदुका दिसायला लागल्या. आता स्वप्नीलचा इव्हेंट वेगळा. त्यात पॉइंट टू टूची रायफल असते, तिला काडतूस लागतं, लायसन्स लागतं. पण सुरुवात बहुतेक सगळ्यांचीच १० मीटर एअर रायफलपासून होते, आणि ती घरी करता येते. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड मिळवलं ते याच १० मीटरमध्ये. त्याच्या घरी स्वतःची रेंज होती. आपल्या घरी परडं असतं. नारळाचं झाड, धुण्याचा दगड, वाळत घातलेले कपडे, एखादी कोंबडी आणि पलीकडे शेजाऱ्यांची भिंत. तर त्या परड्यात पोरं नेम कशावर धरतात ते मी बघितलंय. बिअरची बाटली, गेलेला बल्ब, दोऱ्याने टांगलेली सीडी, आणि सगळ्यात आवडतं म्हणजे नारळाच्या बुंध्याला खिळ्याने ठोकलेला कागद.

यातलं एकही टार्गेट नाही. टार्गेट म्हणजे छर्रा जिथे जाऊन थांबतो ती जागा. कागद हा फक्त पत्ता.

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, तर जरा आकडे मांडू. ४.५ मिलीमीटरचा साधा छर्रा साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. ०.५३ ग्रॅम धरा. मॅचची रायफल तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते. हाफ एम व्ही स्क्वेअर करा. साडेसात-पावणेआठ ज्यूल येतात. आमच्या बॅचमधला एक महाभाग म्हणाला, "हॅ! एवढंच?" बरोबर आहे, एक लिटर पाण्याची बाटली पाऊण मीटरवरून पायावर पडली तरी तेवढीच एनर्जी. पण बाटली पडते ती पूर्ण बुडावर, आणि छऱ्याचं एरिया आहे सोळा स्क्वेअर मिलीमीटर. डोळ्याची बाहुली त्याहून फार मोठी नसते. आता हाच छर्रा लाकडावर, विटेवर किंवा टायरच्या रबरावर मारा. मऊ लाकडात तो घुसतो. कडक, चिवट लाकडावरून तो परत येतो, आणि कुठे येईल ते सांगता येत नाही. रबराचं तर विचारूच नका. जुना टायर "मऊ" आहे म्हणून मागे लावणारे लोक मी बघितलेत. अरे, रबर मऊ नसतं, ते स्प्रिंगसारखं असतं! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला आपण रेझिलिअन्स नावाची गोष्ट पाच मार्कांसाठी पाठ करतो, ती ही. जे मटेरियल एनर्जी परत देतं ते मागे ठेवायचं नाही. जे खाऊन टाकतं ते ठेवायचं. एवढं कळलं की अर्धा ट्रॅप तयार झाला.

बाटली आणि बल्ब यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्या परड्यात आज्जी अनवाणी तुळशीला पाणी घालायला जाते तिथे काच फोडणारा नेमबाज नाही, तो फक्त नग आहे.

मग ठेवायचं काय? आमच्या घरचा ट्रॅप असा आहे. पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. त्याची एक बाजू कापून टाकायची आणि कडा आत वळवून ठोकायच्या, नाहीतर कार्ड बदलताना हात कापतो. आत माइल्ड स्टीलची तीन-चार मिलीमीटरची प्लेट ४५ अंशात तिरकी बसवायची. इथे लक्ष द्या, प्लेटची वरची कड शूटरच्या बाजूला, खालची कड मागे. उलटी बसवली तर छर्रा वर उडेल. बरोबर बसवली तर तो प्लेटवर चपटा होऊन खाली पडतो. डब्याच्या बुडाशी चार बोटं वाळू नाहीतर जुन्या चिंध्या. वाळू चाळलेली हवी, तिच्यात खडी नको. डबा भिंतीला टेकवून, कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर येईल असा ठेवायचा. ऑलिंपिकमध्येही १० मीटरला हीच उंची असते. डब्याच्या मागे आणि दोन्ही अंगांना जुनी वाकळ टांगायची. ताणून नाही, सैल लोंबती. ताणलेल्या कापडातून छर्रा पार जाऊ शकतो. सैल कापड त्याच्याबरोबर मागे जातं, आणि जाता जाता त्याची हवा काढतं. क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे नेतो, तसंच. आज्जीने हाताने शिवलेली वाकळ त्या कामाला दिली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. पण डबा चुकलेला प्रत्येक छर्रा तिनेच झेललाय.

वाकळेच्या मागे भिंत. आणि भिंतीच्या पलीकडे कोण राहतं हे माहीत असलं पाहिजे. पत्र्याचं कुंपण, साडीचा आडोसा, मेंदीची बाड याला भिंत म्हणत नाहीत. मोकळा सुटलेला छर्रा दोनशे मीटर सहज जातो. शूटरच्या आणि टार्गेटच्या मधे कुठलंही दार उघडत असेल तर ते आतून कडी लावून बंद. आमच्याकडे शूटिंग चालू असताना परड्याच्या दाराला लाल टॉवेल टांगतात. पाव्हणे हसतात. हसू देत.

आता कार्डाकडे येऊ. इथे मला आपल्या कॉलेजच्या पोरांचा खरा फायदा दिसतो. १० मीटर एअर रायफलचं कार्ड ८० बाय ८० मिलीमीटरचं असतं. सगळ्यात बाहेरचं एक नंबरचं रिंग ४५.५ मिलीमीटर व्यासाचं, तिथून प्रत्येक रिंग ५ मिलीमीटरने लहान होत जातं, नऊचं रिंग साडेपाच मिलीमीटर, आणि दहा म्हणजे फक्त अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका. अर्धा मिलीमीटर म्हणजे आपल्या पॉइंट फाइव्हच्या क्लच पेन्सिलचं शिसं! मधला काळा गोल ३०.५ मिलीमीटरचा. ही मापं पाठ करायची गरज नाही, पण एकदा हाताने काढून बघा म्हणजे हा खेळ काय चीज आहे ते कळेल.

बहुतेक जण नेटवरून टार्गेट डाउनलोड करतात आणि झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतात. त्यात दोन घोळ. एक म्हणजे झेरॉक्सवाला "फिट टू पेज" करून देतो आणि रिंगं दोन-चार टक्क्यांनी आक्रसतात. दुसरा घोळ कागदाचा. साधा प्रिंटचा कागद पातळ, छर्रा त्याला भोक पाडत नाही, फाडतो. फाटक्या भोकावरून नऊ की दहा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, पण त्याचा गुळगुळीत थर सोलून निघतो. उत्तम कागद आपल्या सगळ्यांच्या खोलीत कॉटखाली पडलेला आहे: फर्स्ट इयरची ड्रॉइंग शीट! जाड, खरखरीत, चकाकी नसलेली, आणि एक बाजू कोरी. ए-टू साइझच्या एका शीटमधून ८० मिलीमीटरची ३५ कार्डं निघतात. मॅचला ६० शॉट असतात आणि कागदी कार्डावर एका कार्डाला एक शॉट असा हिशेब. म्हणजे दोन शीटमध्ये एक पूर्ण मॅच आणि वर दहा सायटर्स. ज्या आयसोमेट्रिकने माझी झोप उडवली होती तिच्या मधोमध भोक पाडण्याचं समाधान वेगळंच. छर्रे मात्र सपाट डोक्याचे घ्या. टोकदार छर्रा ड्रॉइंग शीटलाही फाडतो, सपाट डोक्याचा पंचिंग मशीनसारखं गोल भोक कापतो.

गोल कंपासने काढा आणि काळ्या पोस्टर कलरने भरा. शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून घ्यायचा प्रयोगही आम्ही केला. बारीक रिंगं छान उठतात, पण मधला भरीव काळा भाग डागाळतो. म्हणून आता शिक्क्याने फक्त रिंगं, काळं ब्रशने. रविवारी दुपारी सगळं घर मिळून बसलं की पापड लाटल्यासारखी सत्तर कार्डं होतात.

आता ज्यावरून माझं आणि आतेभावाचं भांडण झालं तो मुद्दा. त्यांच्या परड्याची लांबी जेमतेम पाच मीटर. त्याने डोकं लावलं, अंतर निम्मं तर कार्डही निम्म्या मापाचं. काळा गोल ३०.५ ऐवजी १५.२५. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, अँगल तोच. इथपर्यंत शंभर टक्के बरोबर. मग त्याने दहापैकी आठ शॉट दहाला मारले आणि पेढे आणायला निघाला.

चूक कुठे आहे? कार्ड निम्मं झालं, पण छर्रा निम्मा झाला नाही. तो साडेचारचाच राहिला. भोकाची कड रिंगला लागली तरी तो मार्क मिळतो. म्हणजे १० मीटरच्या खऱ्या कार्डावर दहा मिळायला छऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलीमीटरच्या आत हवा (ठिपक्याचा पाव, छऱ्याचे सव्वादोन). पाच मीटरच्या निम्म्या कार्डावर ही सूट निम्मी, म्हणजे सव्वा मिलीमीटर व्हायला पाहिजे. पण ती होते जवळजवळ २.४. नेमाच्या भाषेत दुप्पट सूट! रेंजवर जो शॉट साधा नऊ आहे तो घरच्या कार्डावर ऐटीत दहा म्हणून बसतो. असा पोरगा सहा महिने घरी दहा मारतो आणि मग पहिल्याच जिल्हास्तरीय स्पर्धेत रडत बाहेर येतो. बंदुकीला, लाइटिंगला, जजला, सगळ्यांना नावं ठेवतो.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. छोट्या अंतरावर कडेवरून मार्क द्यायचेच नाहीत. भोकाचा मध्य शोधायचा, ठिपक्यापासून त्याचं अंतर व्हर्नियरने मोजायचं, पाच मीटर असेल तर दुप्पट करायचं आणि मग खऱ्या कार्डाच्या मापाने मार्क ठरवायचे. मध्य शोधायला जुनी ओएचपीची ट्रान्सपरन्सी घ्या (डिपार्टमेंटच्या कपाटात अजून गठ्ठे आहेत, कोणी विचारत नाही), तिच्यावर ४.५ मिलीमीटरचा गोल आणि मधे टिंब काढा, भोकावर ठेवा. झालं गेज तयार. आतेभावाच्या आठ दहांचे या गेजने तीन राहिले. दोन दिवस तो बोलला नाही. आता तोच दुसऱ्यांची कार्डं तपासत फिरतो.

आणखी एक. पाच मीटरला लावलेली साइट १० मीटरला चालत नाही. १० मीटर जायला छऱ्याला साधारण ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सतरा मिलीमीटर खाली येतो (हवेचा अडथळा न धरता). पाच मीटरला फक्त चार. त्यात साइट नळीच्या वर बसवलेली असते, त्याचा फरक वेगळा. म्हणून रेंजवर गेल्यावर साइट नव्याने लावायची आणि घरी आल्यावर परत नव्याने. कंटाळा येतो, पण करायचं.

छर्रा शिशाचा असतो हे घरात कोणी लक्षातच घेत नाही. ट्रॅपची वाळू महिन्यातून एकदा चाळायची. ती उघड्यावर वाऱ्यात उडवायची नाही, जरा ओली करून हलवायची. छरे झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यायचे. कोंबड्या दाणे समजून चपटे छरे टिपतात, म्हणून डबा उचलून ठेवायचा. शूटिंग झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही. छरे तोंडात धरून बंदूक भरणारे "स्टायलिश" लोक दिसले तर त्यांना हा अंक वाचायला द्या. डोळ्यांना वर्कशॉपचा गॉगल. शूटरला तर हवाच, बघणाऱ्यालाही हवा.

लायसन्सचं विचारतात म्हणून सांगते. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नळी ४.५ मिलीमीटरपेक्षा मोठी नसेल आणि एनर्जी २० ज्यूलच्या वर जात नसेल तर एअर रायफलला लायसन्स लागत नाही. पण लायसन्स लागत नाही याचा अर्थ खेळणं आहे असा नाही. आणि झाडावरचा पोपट, साळुंकी हे टार्गेट नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. अरुणाचल प्रदेशात पक्षी उरेनासे झाले म्हणून २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा कराव्यात अशी मोहीमच काढावी लागली. आमच्या गल्लीत ती वेळ येऊ नये.

इथपर्यंत वाचून रेक्टर सरांच्या कपाळावर आठी आली असेल. सर, घाबरू नका. होस्टेलमध्ये एअरगन आणू नये हा नियम बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. ज्या कॉरिडॉरमध्ये पोरं रात्री बारा वाजता टॉवेलवर फिरतात आणि कुठलंही दार कधीही उघडतं तिथे कितीही चांगला ट्रॅप लावला तरी ती रेंज होत नाही. माझं म्हणणं दुसरंच आहे. आपल्या जिमखान्याकडे शूटिंग क्लबचा अर्ज दोनदा गेला आणि दोनदा "इलेक्ट्रॉनिक टार्गेटसाठी बजेट नाही" असा शेरा मारून परत आला. अहो, इलेक्ट्रॉनिक टार्गेट मागितलं कोणी होतं? ते मोठ्या स्पर्धेत असतं, तिथेच शोभतं. शिकायला कागद पुरतो. उलट कागद जास्त शिकवतो, कारण प्रत्येक शॉटनंतर उठून जाऊन, कार्ड हातात घेऊन, आपण काय केलं ते स्वतः मोजावं लागतं. स्क्रीनवर १०.३ आलं की माणूस पुढचा शॉट मारतो. कार्डावर नऊ दिसला की माणूस विचार करतो.

काही मित्रांचं म्हणणं, हा श्रीमंतांचा खेळ आहे, क्लब काढून कोणाचं भलं होणार? चांगली मॅच रायफल लाखाच्या पुढे जाते, जॅकेट-ट्राउझरचे पैसे वेगळे, हे खरंच आहे. मी नाकारत नाही. पण एक रायफल दहा जणांत फिरू शकते. जिथे पैसे लागतच नाहीत त्या गोष्टीसुद्धा, म्हणजे डबा, प्लेट, वाळू, कार्ड, आपण पैसे नाहीत म्हणून करत नाही, याचा मला राग आहे. खेळ महाग आहे, मग निदान त्याचा स्वस्त भाग तरी आपल्या हातात का असू नये? आणि इथे तर वेल्डिंग येणारी दोनशे पोरं आहेत.

जुनं स्मिथी शॉप दोन वर्षं बंद आहे. मी टेप लावून मोजलं. आतली लांबी १४.६ मीटर, म्हणजे १० मीटर सोडून मागे उभं राहायला आणि पुढे ट्रॅपला भरपूर जागा. टार्गेटच्या बाजूला खिडकी नाही, जाड दगडी भिंत आहे आणि तिच्या पलीकडे बॉयलरची बंद खोली. दार एकच, आणि ते शूटरच्या पाठीमागे. लेन तीन होतील. रायफली जिमखान्याच्या लोखंडी कपाटात, किल्ली स्पोर्ट्सच्या सरांकडे, सर हजर असतील तेव्हाच शूटिंग. प्लेट स्क्रॅपमधून मिळतील, डबे मेसच्या काकांनी द्यायचं कबूल केलंय. ट्रॅपचं ड्रॉइंग मी फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये काढून तिसऱ्या अर्जाला जोडलंय, डायमेन्शन्स सकट. त्यात चूक असेल तर लाल पेनाने दाखवावी, सुधारून आणते. फक्त या वेळी शेरा ट्रॅपवर यावा, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर नको.

आणि ज्यांच्या कॉटखाली फर्स्ट इयरच्या शीट्स आहेत त्यांनी त्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. लेडीज होस्टेलच्या ऑफिसबाहेर खोका ठेवलाय, त्यात टाकाव्यात.